सोसायटीतली पोरं एकत्र खेळतच नाहीत, खेळ सुचवा

मृद्गंध:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी कोल्हापुरात, कळंब्याकडं. तीन बिल्डिंगा, मधे पेव्हर ब्लॉकचं अंगण, सात ते बारा वयाची पोरं भरपूर. रोज संध्याकाळी खाली असतात. असतात म्हणजे असतातच नुसती, खेळ होतच नाही. एक जण बॅट घेऊन येतो, बॅट त्याची म्हणून पहिली बॅटिंग त्याची, आउट झाला की नो बॉल होता, मग भांडण, मग बॅट काखेत मारून हा घरी. उरलेली कट्ट्यावर बसून एकाच मोबाईलमधे डोकी घालतात. मुलींना बॅटिंग मिळतच नाही त्यामुळं त्या वेगळ्या. एक निपाणीकडून नवीन आलेली मुलगी आहे, घरी कानडी बोलतात, मराठी सगळं समजतं पण बोलायला लाजते, ती जिन्यात उभी राहून बघत असते.

सहामाही संपली की दिवाळीची सुट्टी. रोज तासभर मी खाली बसू शकते. मला असे खेळ हवेत की एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. खर्च फार नको, जागा तेवढीच आहे. क्लास लावा, शिबिराला घाला असं सुचवू नका प्लीज, फिया बघून आलेय.

तांबडा_पांढरा:
पैला नंबर माझा :)
ताई बॅटवाला पोरगा प्रत्येक गल्लीत असतोय ओ. सोसायटीच्या वर्गणीतनं एक बॅट आणा आणि वॉचमनकडं ठेवा, निम्मा प्रॉब्लेम तिथंच मिटला. बॅट कुणाचीच नसली की नो बॉल पण कमी पडतात बघा.

अनामिक_पुणेकर:
मोबाईल काढून घ्या, आपोआप खेळतील. आमच्या लहानपणी कुठं कोणी खेळ सुचवायला धागे काढत होतं.

तांबडा_पांढरा:
तुमच्या लहानपणी धागा कशावर काढणार होता, सुतावर?

खेळमास्तर:
नमस्कार. शाळेत पीटी शिकवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्ही जे मागताय ते आपल्या खो-खोत आयतं आहे, फक्त तसं बघायला पाहिजे. बसलेले आठ, पळणारा एक. बसलेले एकाआड एक उलट्या तोंडानं. पळणाऱ्याला मागं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तीच. म्हणजे समोरचा गडी पाटीच्या पलीकडं सटकला की तुम्ही कितीही चपळ असा, तुमचं काम संपलं. आता पलीकडं तोंड करून बसलेल्याला खो द्यायलाच लागतो. तो सुद्धा पाठीमागून, हात लावून आणि तोंडानं स्पष्ट खो म्हणून. नुसता हात लावला तर चालत नाही, नुसतं ओरडलं तरी चालत नाही, आणि बसलेला खो मिळायच्या आधीच उठला तर फाउल. आता बघा, यात एकट्याची हुशारी किती चालते? बसलेला सुद्धा रिकामा नसतो, मान वळवून बघत असतो की गडी कुठं आहे, आता माझ्यावर येणार का शेजारच्यावर. मी पोरांना म्हणायचो बसलेला जास्त खेळतो.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पुरुषांच्या आणि महिलांच्या दोन्ही टीम जिंकल्या. पोरांना हे सांगा, क्रिकेटच्या पोरांना वर्ल्ड कप म्हटलं की लगेच कान टवकारतात.

स्वरा_आई:
मास्तर राग मानू नका पण शाळेत खो-खो म्हणजे काय असतं ते मुलीकडून ऐकते मी. चपळ नऊ जणी खेळतात, बाकीचा वर्ग मैदानाच्या कडेला टाळ्या वाजवतो. माझी लेक कायम राखीव. तिच्यात टीमवर्क आलं असेल तर ते पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचं. हरलं की कुणामुळं हरलो ते शोधायचं, आणि ती नेहमी तीच एक-दोन पोरं असतात. मृद्गंधताईंच्या जिन्यातल्या मुलीला उद्या खो-खोत बसवलं आणि तिच्यामुळं डाव गेला तर ती परत खाली येईल का?

खेळमास्तर:
राग कसला, बरोबर बोललात. स्पर्धेची टीम काढायची म्हटलं की तसंच होतं, वरून निकाल मागतात. पण अंगणात स्पर्धा कुठं आहे, नियम आपल्या हातात आहेत. चालत खो-खो खेळा. पळायचं नाही, पाय उचलून पळाला की बाद. पेव्हर ब्लॉकवर गुडघे फुटायची भीती पण जाते. चालत खेळलं की चपळ आणि मंद यातला फरक बराच मिटतो, आणि मग राहतं काय तर कुणी कुणाला कधी खो दिला एवढंच. बसायला रिकामी पोती टाका. आणि गुण कुणाचे मोजायचेच नाहीत, सगळ्यांनी मिळून किती खो चुकता दिले ते मोजायचं, उद्या आजच्यापेक्षा जास्त.

स्वरा_आई:
किती खो *न* चुकता ना मास्तर :)

खेळमास्तर:
हो हो, न चुकता. चष्मा.

पेठेतला_पंटर:
हे बिन हारजितीचं काय पटंना राव. कोल्हापुरात ईर्षा रक्तात हाय. शाहू स्टेडियमला दोन पेठांची फुटबॉल मॅच असली की बघा, पोरगं चालायला लागायच्या आधी कुठल्या तालमीचं ते ठरलेलं असतंय. आणि त्या ईर्षेतनंच टीम बनतीया. समोर कोण तरी पाहिजे की, त्याशिवाय आपली माणसं एकत्र कशी येणार?

वाचा:
पंटर दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे म्हणून लिहिते. मी मुलांबरोबर स्पीच थेरपीचं काम करते, ट्रेनिंगमधे एक प्रयोग शिकवला होता तो आठवला.

1954 साली अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात, मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पोरांचा उन्हाळी कॅम्प घेतला. अकरा-बारा वर्षांची 22 पोरं, आधीची ओळखदेख नाही. दोन गट केले. मग त्यांच्यात सामने लावले, रस्सीखेच, बेसबॉल, जिंकणाऱ्याला बक्षीस. तुम्ही म्हणता तसंच झालं, गट आतून एकदम घट्ट. पण एकमेकांचे झेंडे जाळले, झोपायच्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग मोठ्यांनी म्हटलं चला यांना एकत्र जेवायला बसवू, सिनेमा दाखवू, तर जेवताना एकमेकांवर अन्न फेकलं. नुसतं शेजारी बसवून काही झालं नाही. फरक कधी पडायला लागला तर पाण्याची लाइन बंद पडली तेव्हा, आणि जेवण आणणारा ट्रक चालू होईना तेव्हा. बंद पाडलं होतं मोठ्यांनीच, मुद्दाम. ट्रक एकट्या गटाला हलेना. मग जो दोर रस्सीखेचीला वापरलेला तोच ट्रकला बांधून दोन्ही गटांनी मिळून ओढला.

पोरांना अंधारात ठेवून त्यांच्यात भांडणं लावायची हे मला अजिबात पटत नाही, आज असा प्रयोग कुणी करूही देणार नाही. पण त्यातनं एक गोष्ट कळते की समोर माणूसच पाहिजे असं नाही, समोर ट्रक असला तरी चालतो.

पेठेतला_पंटर:
हे मात्र नाद खुळा. 2019 च्या महापुरात आमच्यातली आणि समोरच्या तालमीतली पोरं एकाच बोटीत होती ओ, तवा कोण कुणाचा इचारलं नाही कुणी. पुढच्या सीझनला परत स्टेडियमला शिव्या सुरू ते सोडा. पण ट्रकचा मुद्दा मान्य.

वाचा:
परत सुरू झाल्या ना? म्हणूनच एकदाच करून भागत नाही, रोजच्या खेळात ट्रक पाहिजे.

बोर्डगेमवेडा:
मी आलोच. सगळे विरुद्ध गेम असे बोर्डगेम ढिगानं आहेत. सगळ्यात गाजलेला पँडेमिक, मॅट लीकॉक नावाच्या माणसानं केलेला, 2008 ला आला. जगभर साथ पसरतेय, प्रत्येक खेळाडूला वेगळं काम, सगळे मिळून जिंकणार नाहीतर सगळे मिळून हरणार. पण ताई, विकत घ्यायच्या आधी एक गोची ऐका. अशा गेममधे सगळी माहिती टेबलावर उघडी असते, त्यामुळं सगळ्यात हुशार किंवा सगळ्यात मोठ्या आवाजाचा एक जण बाकीच्यांना सांगत सुटतो, तू इथं जा, तू हे उचल. बाकीचे त्याचे हमाल. दिसायला टीमवर्क, खेळतोय एकटाच. तुमचा बॅटवाला इथं बरोब्बर तेच करणार.

यावर इलाज म्हणजे माहिती वाटून टाकायची. हनाबी नावाचा पत्त्यांचा गेम आहे, 2013 ला त्याला जर्मनीचं गेम ऑफ द इयर मिळालं, त्यात आपले पत्ते आपल्याला दिसतच नाहीत, तोंड दुसऱ्यांकडं करून धरायचे. माझ्या हातात काय आहे ते बाकी सगळ्यांना माहिती, मला सोडून. दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय एक पाऊल पुढं जाता येत नाही, आणि सांगायला पण मोजकेच इशारे. मोठ्या आवाजाचा काही उपयोगच नाही.

हे गेम महाग पडतात, पण कल्पना फुकट आहे. वहीचं पान फाडून 1 ते 50 आकडे लिहा, चिठ्ठ्या करा, प्रत्येकाला एक. एक शब्द न बोलता, खुणा न करता, चढत्या क्रमानं चिठ्ठ्या मधे टाकायच्या. आपला आकडा कधी टाकायचा ते बाकीच्यांच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. जमलं तर प्रत्येकाला दोन दोन चिठ्ठ्या. पोरं येडी होतात यात.

मृद्गंध:
चिठ्ठ्यांचा खेळ आजच घेतला!! एक शब्द बोलायचा नाही म्हटल्यावर निपाणीची मुलगी जिन्यातून खाली आली. मराठी बोलायचंच नाहीये ना, मग काय. आणि ती त्यात पटाईत निघाली, 17 वाल्यानं चिठ्ठी टाकली की ही एकदम शांत बसून सगळ्यांचे चेहरे वाचते. बॅटवाल्याकडं 43 होता, तो तिसऱ्यालाच टाकून मोकळा. सगळे त्याच्यावर ओरडले पण हरले सगळेच, त्यामुळं त्याला बॅट घेऊन घरी जायला कारणच मिळालं नाही.

वाचा:
भारी! लाजऱ्या मुलांना लगेच बोल बोल करू नका, आधी त्यांच्याशिवाय काम अडेल असं बघा, बोलणं मागून येतं. अमेरिकेतच 1971 ला ऑस्टिनमधे एलियट अ‍ॅरन्सननं वर्गात हेच केलं. काळी, गोरी, मेक्सिकन पोरं पहिल्यांदा एका वर्गात आलेली, तणाव होता. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर ज्याच्याशी पटत नाही त्याचंही ऐकून घ्यावंच लागणार, परीक्षा सगळ्या धड्यावर. जे पोरगं अडखळत बोलतं त्याला चिडवून काही फायदा नाही, उलट नीट प्रश्न विचारून त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

पुढची पायरी सांगते. पाठीला पाठ लावून दोघांना बसवा. एकाकडं साधं चित्र, दुसऱ्याकडं कोरा कागद आणि पेन. बघायचं नाही, बोलून चित्र उतरवून घ्यायचं. पहिल्यांदा सगळी पोरं म्हणतात 'असं गोल काढ, हां असं, मग इकडं रेघ'. इकडं म्हणजे कुठं? समोरच्याला दिसतच नाहीये. दोन-तीन चित्रं वाया गेली की भाषा बदलते, 'कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, दोन बोटं सोडून'. मग अदलाबदल करा. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायची परवानगी आहे हे मुद्दाम सांगा, कित्येक मुलांना वाटतं विचारलं म्हणजे आपण ढ.

गडहिंग्लजकर:
सातच्या आतली धाकटी भावंडं पण असणार ना तिथं? त्यांचं काय करता? आमच्याकडं त्यांना कच्चा लिंबू करायचो. राज्य त्याच्यावर येणार नाही, आउट झाला तरी चालतं, पण खेळात आहे. कुणी मोठ्यानं शिकवलेलं नव्हतं हे.

वाचा:
अजूनही तेच करा, उत्तम आहे. अगदी लहानग्यांकडून टीमची अपेक्षाच ठेवू नये. मिल्ड्रेड पार्टननं 1932 मधे नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण मांडलंय, दोन-अडीच वर्षांची मुलं बहुतेक एकेकटी खेळतात किंवा शेजारी शेजारी बसून आपापलं, आणि वय वाढेल तसं एकमेकांत मिसळून खेळणं वाढतं. तीन वर्षांच्या पोराला शेअर कर शेअर कर म्हणून आया डोकं फिरवून घेतात, त्यांच्यासाठी लिहिलं.

सोनचाफा:
बायांनो, तुमचं हे इंग्रजी प्रयोगांचं वाचून गंमत वाटली. आम्ही गडी कसे वाटून घ्यायचो सांगते. दोन कप्तान उभे. बाकीच्यांनी आपापल्या तोडीची जोडी करायची, पळणारी पळणारीबरोबर, लिंबूटिंबू लिंबूटिंबूबरोबर. जोडी लांब जाऊन गुपचूप नावं ठेवून यायची, एक वाघ एक सिंह, नाहीतर एक जिलबी एक लाडू. गळ्यात गळा घालून यायचं आणि विचारायचं कुणाला पाहिजे वाघ कुणाला पाहिजे सिंह. कप्तानाला माहीतच नाही वाघ कोण. शेवटी उरलेली नको असलेली पोरगी असा प्रकारच नव्हता. आता शाळेत कप्तान एकेक नाव घेऊन बोलावतात आणि शेवटची दोघं मान खाली घालून उभी, बघवत नाही. नातीच्या शाळेत बघितलं मी.

मृद्गंध:
आज्जी हे उद्यापासून सुरू. आमच्याकडं पण नावं घेऊनच चालतं.

आता माझा रिपोर्ट. एका मैत्रिणीनं दाखवलेला रबराचा खेळ घेतला, सगळ्यांनी घ्या, खर्च नाहीच. एक रबर, त्याला चार बाजूंनी हातभर सुतळ्या बांधायच्या. चहाचे सहा कागदी कप जमिनीवर उपडे. चौघांनी एकेक सुतळी धरायची, कपाला हात लावायचा नाही. चौघांनी ओढलं की रबर मोठं होतं, कपावर उतरवायचं, ढील दिली की कप पकडला जातो, उचलून दुसऱ्यावर ठेवायचा. तीन दोन एक असा मनोरा.

पहिल्या गटात चौघंही एकदम ओढत होते, रबर ताणलेलं, कप काही सापडेना. बॅटवाला म्हणतोय 'ओढा, ओढा की लेकांनो'. एकीनं ओढलं की दुसऱ्यानं सोडायचं हे कुणाच्या डोक्यात येईना. कप पकडला, उचलला, आणि एकानं सुतळी वर धरली दुसऱ्यानं खाली, कप तिरका होऊन गेला. तोंडातून शब्द येत होता पण तो काय तर 'अरे काय करतोयस', 'नीट धर ना'. मी गप्प बसले, जीभ चावून. मग आमची धाकटी एकदम म्हणाली की थांबा, मी एक म्हटलं की ओढायचं, दोन म्हटलं की सोडायचं, तीनला सगळ्यांनी गुडघ्याएवढं उचलायचं. कुठं गुडघा, कुणाचा गुडघा यावर परत वाद, त्यात दोघांची उंची सारखी नाही, शेवटी 'मिहि...' (नाव नको) 'छोट्याचा गुडघा' असं ठरलं. आणि मनोरा झाला! नंतर दुसरा गट आला तर यांनी त्यांना फुकटात सांगितलं नाही, तुमचं तुम्ही शोधा म्हणाले, ते मला फार आवडलं नाही पण असो.

तांबडा_पांढरा:
छोट्याचा गुडघा, हे सोसायटीचं अधिकृत माप करून टाका :))

खेळमास्तर:
ताई, तुम्ही गप्प बसलात हे सगळ्यात अवघड काम केलंत. आईबाप कडेला उभे राहून ओरडायला लागले की पोरं एकमेकांकडं बघायची सोडून आपल्या बापाकडं बघतात. भांडण झालं तरी लगेच पंच होऊन जाऊ नका, मारामारी सोडून. राज्य कुणावर, आउट होता का नव्हता, हा वाद म्हणजे सुद्धा बोलणंच आहे. आणि खेळ झाल्यावर भाषण नको. दोनच प्रश्न विचारायचे, कुठं अडलं आणि उद्या काय वेगळं करायचं. उत्तर नाही आलं तर नाही आलं, चला घरी.

रंकाळा९:
हे सगळं छान आहे पण माझा पोरगा रोज हेडफोन लावून अनोळखी पोरांबरोबर ऑनलाइन गेम खेळतो आणि म्हणतो पप्पा हे पण टीमवर्कच आहे. काय उत्तर देऊ? ऐकलं तर नुसतं ओरडणं आणि शिव्या असतात.

बोर्डगेमवेडा:
दादा त्याचं सगळंच खोटं नाही. पण अनोळखी माणसाला शिव्या देऊन लॉगआउट करता येतं, शेजारच्या पोराबरोबर उद्या परत लिफ्टमधे भेट आहे. स्क्रीनवरच खेळायचं तर एकाच सोफ्यावर बसून खेळायचे बघा. ओव्हरकुक्ड म्हणून आहे, 2016 चा, हॉटेलचं किचन, एकानं कांदा चिरायचा, एकानं शिजवायचा, एकानं ताटल्या धुवायच्या, आणि कुणीच ताटल्या धूत नाही म्हणून ऑर्डर बोंबलते. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर खेळा. घरात खरी भांडी कोण घासतं हा विषय आपोआप निघतो, माझ्याकडं निघाला.

अजून एक, आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगला घेतात तो. वीस स्पॅगेटी, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा, एक मार्शमेलो, 18 मिनिटं. उंचात उंच मनोरा, टोकावर मार्शमेलो. टॉम वुजेक म्हणून एक डिझायनर आहे त्यानं जगभर हा खेळ घेतला, त्यात बालवाडीची पोरं एमबीए झालेल्यांपेक्षा सरासरी उंच मनोरे बांधतात. कारण एमबीएवाले आधी साहेब कोण ते ठरवतात, मग प्लॅन, आणि मार्शमेलो अगदी शेवटी ठेवतात, धडाम. पोरं पहिल्यापासून ठेवून बघतात, पडलं की परत. आपल्याकडं खराट्याचे हीर आणि वर चुरमुऱ्याचा लाडू, वजनाला हलका असतो. लाडू दोन आणा, एक बांधकामातच खाल्ला जातो.

तांबडा_पांढरा:
अहो पण दिवाळी तोंडावर आलीया आणि किल्ल्याचं कुणी नावच काढंना! कोल्हापुरात राहून पोरांनी मिळून करायचं काय म्हणून विचारताय? पोतं, दगड, माती, चिखल, आळीव पेरायचे, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतनं मावळे आणायचे. आठवडाभराचं काम, एकट्याच्यानं होत नाही. पन्हाळा करा, पोरांनी बघितलेला असतोय, नाहीतर एका रविवारी घेऊन जावा.

स्वरा_आई:
किल्ला मस्त, पण आमच्याकडं दरवर्षी एक दादा किल्ला करतो आणि बाकीची पोरं माती आणून देतात. बोर्डगेमवेडांनी सांगितलेले हमाल.

वाचा:
मग तुकडे करा. तीन दरवाजा दोघांकडं, अंबरखाना दोघांकडं, सज्जा कोठी, अंधार बाव, पुसाटी बुरूज, असं वाटून टाका, आणि जोड्या आज्जींच्या वाघ-सिंहानं पाडा. आपल्या भागाची माहिती ज्यानं त्यानं काढायची, किल्ला बघायला लोक आले की आपला भाग आपणच सांगायचा. सिद्दी जौहरचा 1660 चा वेढा सगळ्यांनाच सांगायचा असणार, त्याच्या पाळ्या लावा. आणि बॅटवाल्याला बुरूज बिरूज देऊ नका, त्याला रस्ता द्या. रस्ता सगळ्यांच्या भागातून जातो, म्हणजे त्याला प्रत्येकाला जाऊन विचारावंच लागणार की तुझा दरवाजा कुठल्या तोंडाला, चढ किती.

पेठेतला_पंटर:
वाचाताई तुम्ही राजकारणात पाहिजे होता.

मृद्गंध:
किल्ला पार्किंगच्या कोपऱ्यात सुरू झालाय. काल मोठा राडा. रस्ता वर येत येत तीन दरवाजापाशी पोचला तर दरवाज्याचं तोंड भिंतीकडं! दरवाजावाल्यांनी अंगणातून छान दिसावा म्हणून केलेला, रस्तावाल्यानं त्यांना विचारलेलंच नाही, त्यांनीही सांगितलेलं नाही. दोन्हीकडची माती वाळलेली. दरवाजा फोडायचा का रस्ता, यावर अर्धा तास. दरवाजावाल्यांत निपाणीची मुलगी आहे. ती रस्तावाल्याला म्हणाली, तुटक मराठीत, की दरवाजा आम्ही फिरवतो पण तू माती चाळून दे, आमची चाळलेली माती होती. तो गेला आणि चाळून आणली! बॅट त्या दिवशी वॉचमनकडंच होती.

सोनचाफा:
आळीव भिजवून पेरा, दोन वेळा हलकं पाणी शिंपडा, धार सोडू नका, माती वाहून जाते.

मृद्गंध:
पेरले आज्जी, कोंब आलेत.

आता नवीन भानगड. चेअरमन काकांचं म्हणणं भाऊबीज झाली की कोपरा मोकळा करा, गाडी लावायचीय. पोरांना तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचाय. मला म्हणाली काकू तुम्ही बोला. मी नाही म्हटलं, किल्ला तुमचा, तुम्ही बोला. तर सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिलाय, दोन संध्याकाळी त्यावर खल चालला होता. 'विनंती' लिहायचं का 'मागणी' यावर मतदान झालं, विनंती जिंकली. खाली सगळ्यांच्या सह्या, कच्च्या लिंबवांचे अंगठे. आणि एक मुद्दा त्यांनीच घातला की तोपर्यंत काकांची गाडी आमच्या बॅडमिंटनच्या जागेत लावावी, आम्ही तिथं खेळणार नाही.

गडहिंग्लजकर:
मंजूर का मग?

मृद्गंध:
मंजूर. एक अट घातलीय, आळिवाला पाणी मारताना गाडीवर चिखल उडता कामा नये. उडाला तर सगळ्यांनी मिळून गाडी धुवायची. परवाच उडाला.